साडेसहा हजारांचं मॅग्नेटोमीटर किट: मुंबईत रात्री चालतं, दिवसा नाही

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईतल्या मंडळींची सोय होईल. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि त्यातली बारीक थरथर मोजणारं हे किट घेण्यासारखं आहे. पाचात साडेतीन. पण जाहिरातीत ‘पृथ्वीची नाडी घरबसल्या पाहा’ असं जे छापलंय, त्यातला ‘घरबसल्या’ हा शब्द मुंबईकरांनी खोडून वाचावा.

मी रेल्वेच्या टीआरडी विभागातून, म्हणजे ट्रॅक्शनच्या बाजूने, निवृत्त झालो. सगळी नोकरी ओव्हरहेड वायर आणि सबस्टेशनमध्ये गेली. करंट जातो कुठून आणि परत येतो कुठून, याच्यापलीकडे फार विचार केला नाही. त्यामुळे तारेतून करंट वाहिला की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र उठतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. आपल्या डोक्यावर, अंतराळात, कुणी तार न ओढता असेच करंट वाहतात आणि त्यांची थरथर इथे जमिनीवर मोजता येते, हे कळल्यावर मात्र राहवेना. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात हे जुळवलेलं किट मिळालं. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे.

डब्यात काय येतं? आरएम3100 सेन्सरचा बोर्ड, ज्यावर तीन इवल्या कॉइल तीन दिशांना बसवलेल्या असतात; ईएसपी32 चा छोटा कंट्रोलर; मेमरी कार्डाची खाच; दहा मीटर केबल; आणि सेन्सर बसवायला पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी. सेन्सर अस्सल आहे. पीएनआय या अमेरिकन कंपनीची ही चिप हौशी लोकांत नावाजलेली आहे. तिकडच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी हॅमसाय या विज्ञान प्रकल्पात जमिनीवरच्या मॅग्नेटोमीटरसाठी हीच वापरली. मोबाईलमधल्या होकायंत्राच्या चिपशी तिची तुलनाच नको.

आता थोडे आकडे, कारण सगळी भानगड आकड्यांतच आहे. मुंबईत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 43 हजार नॅनोटेस्ला (हे क्षेत्राचा जोर मोजायचं एकक). त्यावर जी नैसर्गिक स्पंदनं असतात, म्हणजे काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतच्या लाटा, त्या आपल्या अक्षांशावर बहुतेक वेळा एका नॅनोटेस्लाच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. वर उत्तरेला, नॉर्वे-कॅनडाकडे, मोठी स्पंदनं दहापट-शंभरपट असतात. तिथला माणूस हेच किट घेऊन खुशाल नाचेल. आपल्याला चाळीस हजारांतला एक शोधायचाय.

आणि सेन्सर काय म्हणतो? नेहमीच्या सेटिंगला त्याची एक पायरी 13 नॅनोटेस्लाची आणि स्वतःची कुरकुर 15 च्या आसपास. म्हणजे एकेक वाचन घेतलं तर काहीच दिसणार नाही. किट सेकंदाला चाळीस वाचनं घेतं, त्यांची सरासरी काढायची. वाचनं जितकी, त्यांच्या वर्गमुळाच्या पटीत कुरकुर कमी होते. दहा सेकंदांची चारशे वाचनं, चारशेचं वर्गमूळ वीस, पंधरा भागिले वीस म्हणजे पाऊण नॅनोटेस्ला. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात मला एक ते दीडच्या खाली जाता आलं नाही, आणि या किमतीत ते उत्तमच आहे.

पण दहा सेकंदांची सरासरी घेतली की दहा सेकंदांहून जलद जे काही आहे ते पुसलं गेलं. इथे स्पंदनांच्या जाती समजून घ्याव्या लागतात. 1964 मध्ये ठरलेली वर्गवारी आजही चालते: सलग चालणारी ती पीसी, तुटक झटक्याने येणारी ती पीआय. पीसी-3 म्हणजे 10 ते 45 सेकंदांच्या लाटा, पीसी-4 45 ते 150 सेकंद, पीआय-2 40 ते 150 सेकंद. बाकीही आहेत, पण मुंबईत बसून आपल्याला मतलब मुख्यतः पीसी-3 आणि पीआय-2 शी.

पीसी-3 ही दिवसाची. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारे विद्युतभारित कण, पृथ्वीच्या चुंबकीय ढालीवर आदळतो तिथून काही प्रोटॉन उलटे फिरतात, त्यांच्यामुळे वाऱ्यातच लाटा उठतात आणि त्या आत झिरपत जमिनीपर्यंत पोचतात. गंमत अशी की अंतराळातलं क्षेत्र किती जोराचं आहे, त्यावर लाटा किती भरभर येतात ते ठरतं. नॅनोटेस्लात जेवढं क्षेत्र, त्याच्या साधारण सहापट मिलिहर्ट्झ. पाच असेल तर तीस, म्हणजे हजार सेकंदांत तीस लाटा, तेहेतीस सेकंदांची एक. पंधरा लाख किलोमीटरवरचा उपग्रह जे मोजतो, त्याचा अंदाज अंगणातल्या ग्राफवरून बांधायचा. मला या किटकडून खरं तर हेच हवं होतं, आणि नेमकं हेच ते देऊ शकत नाही. तीस सेकंदांची लाट नीट उमटायला दोन-तीन सेकंदांपेक्षा मोठी सरासरी चालत नाही, आणि तेवढ्या सरासरीत कुरकुरच दीड-दोन नॅनोटेस्ला उरते. लाट अर्ध्याची, गोंगाट दोनचा. जाहिरातीत पीसी-3 चा ग्राफ छापलाय, तो या अक्षांशावरचा नसणार, एवढं मी पैजेवर सांगतो.

पीआय-2 चं वेगळं. ही रात्रीची. पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत साठलेली ऊर्जा अचानक मोकळी होते, तिकडे ध्रुवाजवळ आकाशात रंग उधळतात, आणि इकडे आपल्या डोक्यावरच्या प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, कोशात झटका बसून तो थरथरतो. मोठा ब्रेकर पडल्यावर ऑसिलोस्कोपवर विरत जाणारी लाट दिसते ना, हुबेहूब तशी: तीन-चार हेलकावे, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, मग सपाट. एक-दोन नॅनोटेस्ला, जोराची असेल तर त्याहून बरीच जास्त. मिनिट-दीड मिनिटाची लाट असल्याने दहा सेकंदांची सरासरी तिला मारत नाही. ही या किटवर दिसते. चांगली दिसते.

आणि मुंबईत रात्रीच काय ते पाहता येतं, हाही योग जुळून आलाय.

मी राहतो विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, पुनर्विकास झालेल्या इमारतीत. किट आधी गच्चीवर लावलं. रेल्वेवाला असल्याने पहिला संशय अर्थातच घरच्याच माणसावर. लोकल 1500 व्होल्ट डीसीवर धावायच्या तेव्हा एक रेक हजार-दोन हजार अँपिअर ओढायचा. तो करंट परत यायचा रुळांतून, आणि रुळांतून बराचसा जमिनीत पाझरायचा, पाण्याच्या पाइपांतून कुठे कुठे भटकायचा. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, तो सरासरी काढून जात नाही. असल्या शहरात नॅनोटेस्ला मोजणं हा विनोद झाला असता. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासून, हार्बरवरचं शेवटचं डीसी एप्रिल 2016 मध्ये बंद होईपर्यंत, हे किट मुंबईत फुकट मिळालं असतं तरी महाग पडलं असतं. आता 25 हजार व्होल्ट एसी. त्याच कामाला करंट सोळावा हिस्सा, आणि सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत असल्याने सरासरीत शून्य. खात्रीसाठी मेगाब्लॉकच्या रविवारचा ग्राफ नेहमीच्या रविवारच्या ग्राफवर ठेवून पाहिला. काडीचा फरक नाही. रेल्वे निर्दोष सुटली.

दोषी निघाली लिफ्ट. लोखंडी काउंटरवेट खालीवर होतं आणि रेषा शिडीसारखी पायऱ्यापायऱ्यांनी हलते. रात्री साडेनऊला पाण्याचा पंप. खाली गाडी लावणारे. मोटारगाडी दहा मीटरवर आली तर वीसेक नॅनोटेस्लाचा धक्का देते. दिलासा एवढाच की हा परिणाम अंतराच्या घनाने घटतो: अंतर दुप्पट, धक्का आठवा हिस्सा, तीस मीटरवर तीच गाडी एका नॅनोटेस्लाच्या आत. पण कन्नमवार नगरात तीस मीटर मोकळी जागा दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे चहा.

साधारण दीड ते चार या वेळात मात्र लिफ्ट झोपते, पंप झोपतो, माणसंही झोपतात, आणि गच्चीवरूनसुद्धा रेषा सरळ होते. त्यातच पीआय-2 चा हंगाम मध्यरात्रीच्या आगेमागे. गच्चीवर पहिली स्पष्ट लाट मला याच वेळात मिळाली. ती खरी की शेजारच्याची मोटरसायकल, हे ठरवायला जपानच्या काकिओका चुंबकीय वेधशाळेची दर सेकंदाची नोंद उपयोगी पडली. ती वेधशाळाही कमी अक्षांशाचीच. आपल्याकडे दोन वाजतात तेव्हा तिथे साडेपाच, म्हणजे पहाट. खरी पीआय-2 दोन्हीकडे एकाच मिनिटाला उमटते. कन्नमवार नगरातली मोटरसायकल जपानला ऐकू जात नाही.

काकिओकाचं नाव निघालंच आहे तर ट्रॅक्शनवाल्याला हेवा वाटेल अशी एक गोष्ट सांगून टाकतो. टोकियोतून निघणारी जोबान लाइन तोरिदे स्टेशनपर्यंत डीसीवर धावते आणि तिथून पुढे एसीवर, कारण पुढे काकिओका आहे आणि डीसीने तिथली मोजमापं बिघडतील. गाड्या दोन्ही करंटवर चालणाऱ्या घ्याव्या लागल्या, त्या घेतल्या. आपल्याकडे उलट झालं. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. 1859 च्या सप्टेंबरातलं ते जगप्रसिद्ध सौरवादळ तिथल्या माणसांनी डोळ्यांनी वाचनं घेत टिपलं, क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने कोसळलेलं. त्याच वर्षी इंग्लंडात क्यू वेधशाळेत बाल्फोर स्ट्युअर्टने वादळाच्या नोंदीत बारीक हेलकावे पाहिले, तीच या स्पंदनांची पहिली दखल मानतात. मग मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या, आणि नानाभॉय मूस हे कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक असताना 1904 मध्ये चुंबकीय काम अलिबागला हललं. दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी समांतर चालवल्या, म्हणजे मालिका तुटू नये. ट्राम 1907 ला आली आणि 1964 ला गेली. वेधशाळा अलिबागलाच आहे.

या अलिबागचा संबंध थेट माझ्या तक्रारीशी. तिथली उपकरणांची इमारत पोरबंदरच्या दगडाची आहे, कारण आपल्या काळ्या दगडात चुंबकत्व असतं. बांधकामात लोखंड टाळलं. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी दगड गुजरातेतून आणवला. आणि आमच्या दुकानदाराने सेन्सरचा बोर्ड पट्टीला बसवलाय चार लोखंडी स्क्रूंनी! सेन्सरपासून करंगळीच्या पेराएवढ्या अंतरावर. मी घरातला लोहचुंबक लावून पाहिला, चारही टपकन चिकटले. नुसते असते तरी एकवेळ चाललं असतं, कारण कायमची भर वजा करता येते. पण लोखंड तापलं-निवलं, की त्याची भरही बदलते. नागदेवी स्ट्रीटवर पितळी एम-थ्री स्क्रू सहज मिळाले. नायलॉनचे त्याहून स्वस्त. किट घरी आल्यावर पहिलं काम हे करा. दुकानात फोन केला तर पलीकडून उत्तर, “काका, आजवर कोणी तक्रार केली नाही.” बरोबरच आहे, आजवर कोणी मोजलं नसेल.

दुसरी तक्रार ॲपची. दिसायला झकास, रंगीत, पण ते दर मिनिटाला एक ठिपका दाखवतं. साठ सेकंदांची लाट पाहायला निदान तीस सेकंदांना एक ठिपका हवा, बरी दिसायला त्याहूनही दाट. म्हणजे ज्याच्या नावाने किट विकता, ते ॲपमध्ये दिसणारच नाही. सगळी मूळ वाचनं मेमरी कार्डावर मात्र जातात, वेळ इंटरनेटवरून अचूक लागते, फाइल साधी आहे. नातीने मला एक्सेलमध्ये सरासरी आणि गाळणी लावून दिली, तेवढ्यावर माझं काम भागतं. ॲप मी काढूनच टाकलं.

चुंबकीय वादळं मात्र ॲपवरही दिसतात, आणि अफाट दिसतात. 10 मे 2024 च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला किट गच्चीवर होतं, इमारतीतले सगळे जागे, लिफ्टच्या पायऱ्या चाललेल्या, आणि तरी त्या सगळ्यावरून रेषा एकदम वर उसळली. सौरवाऱ्याचा ठोसा. मग रात्रभर ती खाली खाली जात राहिली. त्या वादळात वादळाचा जोर सांगणारा जागतिक निर्देशांक उणे चारशे नॅनोटेस्लाच्याही खाली गेला, लडाखात हानलेला आकाश लाल झालं. ज्याला एवढंच पाहायचंय त्याने जागेची, पितळेची, कसलीच चिंता करू नये. तसंच रोजचा चढउतारही दिसतो: सकाळी अकरा-बाराला क्षेत्र काही दशक नॅनोटेस्लांनी वर येतं, कारण वर आयनोस्फिअर या हवेच्या विद्युतभारित थरात उन्हाने करंट चालू होतात. फक्त तापमानाचा चकवा ओळखा. अकराचा उंचवटा आकाशातला, चार वाजताचा गच्चीच्या तापलेल्या स्लॅबचा.

शेवटी सेन्सर मी मनोरीला नेला. मार्व्याहून फेरी, पलीकडे मेहुणीचं घर आणि मागे माडांची वाडी. रेल्वे नाही, मेट्रो नाही, लिफ्ट नाही. चार इंची पीव्हीसी पाइप, खालचं तोंड सॉल्व्हंट सिमेंटने बंद, आत सिलिका जेलच्या पुड्या, कमरेएवढा खड्डा. खाली तापमान दिवसरात्र जवळपास तेच राहतं, त्यामुळे चार वाजताचा उंचवटा गेला. खड्डा खणताना मेहुणी ओट्यावरून बघत होती. “भाऊजी, वारलेलं कोणी आहे का आत?” झालं. पुढच्या आठवड्यात मी तिला विहिरीचा पंप कोणत्या दिवशी किती वाजता लावला ते ग्राफवरून सांगितलं, तेव्हा आवाज बदलला: “म्हणजे माझ्यावर पाळत ठेवायला पुरलंय होय हे!” पंप वाडीच्या दुसऱ्या टोकाला आहे, तरी त्याच्या वायरीचा करंट दिसतो.

मनोरीला रात्रीचा वेळ दीड ते चार एवढाच राहत नाही, दहापासून पहाटेपर्यंत मिळतो, आणि पीआय-2 गच्चीपेक्षा कितीतरी वेळा हाती लागतात. कधी एकामागून एक, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने दोन-तीन झटके. पीसी-3 तिथेही नाही दिसली. जागेचा प्रश्न सुटला की सेन्सरचा उरतोच. ज्याला पीसी-3 च हवी त्याने हे किट घेऊ नये. फेराइटच्या लांब दांड्यावर तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे देऊन इंडक्शन कॉइल बनवावी. ती क्षेत्र न मोजता क्षेत्रातला बदल मोजते, त्यामुळे जलद लाटांना जास्त तिखट असते. वेळखाऊ काम आहे, पण वाइंडिंगवाला ओळखीचा असेल तर खर्च किटहून फार नाही. लाखांच्या घरातले फ्लक्सगेट जातीचे मॅग्नेटोमीटर संस्थांनी घ्यावेत.

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला हे किट मी डोळे झाकून सुचवीन. वर्गात सेन्सरजवळ आणलेली लोखंडी किल्ली पकडून दाखवता येते, वादळ आलं तर ते नोंदवता येतं, आणि अलिबागची दर मिनिटाची नोंद इंटरमॅग्नेट या जगभरच्या चुंबकीय वेधशाळांच्या जाळ्यावर एबीजी या नावाने मिळते, तिच्याशी पोरांना आपला ग्राफ ताडून पाहता येतो. घरी घेणाऱ्याने आधी रात्री दोन वाजता उठायची तयारी आहे का ते स्वतःला विचारावं. तशी गरज नाही म्हणा, कार्डावर नोंद होतेच, पण उठावंसं वाटतं.

दुकानदार बाराशे रुपये जास्त घेऊन सोबत सोलर पॅनेल आणि बॅटरी देतो, ते घेऊ नका. एक अँपिअर वाहणारी सुटी तार एका मीटरवर 200 नॅनोटेस्ला क्षेत्र उठवते. त्यांनी दिलेल्या दोन वायरी वेगवेगळ्या सोडलेल्या आहेत, पिळलेल्या नाहीत. ढग आला-गेला की चार्जिंग कमीजास्त होतं आणि ग्राफवर जे दिसतं ते पीसी-4 सारखंच दिसतं. मोबाईलचा साधा चार्जर घ्या, वायरीची जोडी एकमेकींभोवती पिळून घ्या आणि कंट्रोलर सेन्सरपासून दहाच्या दहा मीटर लांब ठेवा.